जखमी अंगठ्याचे अक्षर

निमंत्रणपत्रिकांच्या पाकिटांवर टाकाने नावे लिहिणे हा तिचा व्यवसाय. आणि तो ती इतक्या नेकीने करी की, लोक पत्रिका उघडण्याआधी पाकीटच न्याहाळत बसत. त्या दुपारी लिहून झालेला गठ्ठा छातीशी धरून ती छापखान्यात शिरली, तेव्हा काउंटरपाशी एक उंच, चष्मेवाला तरुण उभा होता, आणि छापखान्याचे मालक — ज्यांना सगळेच काका म्हणत — त्याने आणलेला नमुन्याचा कागद उजेडात धरून पाहत होते.

"ये गं," काका नजर चुकवत म्हणाले. "यांनी नवा फॉन्ट केलाय. आता पाकिटांवरची नावंसुद्धा मशीनच छापेल. अगदी हाताने लिहिल्यासारखी."

तिने कागद हाती घेतला. किंचित झुकलेली, वळणदार अक्षरे; एका श्वासात ओढावी तशी शिरोरेषा... आणि तिचे बोट एका अक्षरावर थांबले.

"हा 'ल' माझा आहे."

"माफ करा," तरुण म्हणाला, "तो मी आठ महिने खपून काढलाय."

"काढला असेल. पण कशावरून?"

"एका मित्राच्या पत्रिकेचं पाकीट होतं." तो चाचरला. "लिहिणाऱ्याला शोधायचं मनात होतं, पण—"

"पण मित्राला विचारायला आठ महिने पुरले नाहीत."

काकांनी खोकल्याच्या आड हसू लपवले.

"तुमचं असेल तर कौतुकच आहे," तो चिवटपणे म्हणाला, आणि 'ल'च्या शेवटी असलेल्या इवल्या गाठीवर त्याने बोट ठेवले. "ही गाठ म्हणजे या फॉन्टचा प्राण. बाकीची सगळी अक्षरं मी हिच्यावर बेतली. असं धाडस कसलेला हातच करू जाणे."

"त्या आठवड्यात माझा अंगठा दारात सापडला होता. पट्टीमुळे टाक शेवटी अडखळायचा. तुम्ही ज्याला प्राण म्हणताय ना, तो कापसाचा बोळा आहे."

भांडणातून प्रेम उगवते, असे म्हणण्याची पद्धत आहे. ती मला मान्य नाही. भांडणातून बहुधा भांडणच उगवते. येथे जे उगवले, ते दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या घराच्या दारात उभे राहून दिलेल्या कबुलीतून.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "हे संमतिपत्र. तुम्ही सही केलीत तरच फॉन्ट बाहेर पडेल. नाहीतर फाडून टाका."

तिने दोन्हींपैकी काहीच केले नाही. "जगात जायचंच असेल, तर माझा धडधाकट हात जाऊ दे. आधी अक्षरं नीट करू. सहीचं मग बघू."

मग तो रोज दुपारी येऊ लागला. ती लिही, तो टेबलाच्या कोपऱ्याशी बसून पाही. एकच अक्षर ती दहादा लिही आणि दहाही निराळी उतरत.

"यातलं बरोबर कोणतं?"

"सगळीच."

"मशीनला असं सांगता येत नाही हो."

"मग मशीनला शिकवा. तुम्ही शिकलात तसं."

त्याने प्रत्येक अक्षराची तीन-तीन रूपे केली. "एवढी बाराखडी शाळेतही कुणी गिरवत नाही," चहा ठेवताना तिची आई म्हणे, आणि निघताना दार मुद्दाम उघडे ठेवी.

"काय बघताय एवढं?" एकदा तिने विचारले.

"टाक... कसा वळतो ते."

"टाक माझ्या हातात आहे. कपाळावर नाही."

त्याचे कान लाल झाले. तिने मान खाली घातली खरी, पण पुढचे अक्षर बिघडले ते बिघडलेच.

अखेर काम संपले. संमतिपत्र टेबलावर होते, आणि तिचा हात पुढे होत नव्हता.

"सही केली की ही अक्षरं दुकानांच्या पाट्यांवर, अत्तराच्या खोक्यांवर, कुणाच्याही पाकिटावर," ती म्हणाली. "मग माझी गरज कुणाला? काकांना नाहीच. आणि..." ती थांबली. "तुम्हालाही नाही."

त्याने खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला. "हे वाचा. मग ठरवा."

अक्षर त्याचे स्वतःचे होते, आणि ते भीषण होते: शिरोरेषा चढण चढत होती, दोन ओळी खोडलेल्या होत्या. 'काम संपल्यावर इथे यायला कारण उरणार नाही, याची धास्ती वाटते. मला अक्षरांसाठी यायचं नाही. तुमच्यासाठी यायचं आहे. तुमची हरकत नसेल तर जन्मभर.'

तिने ते दोनदा वाचले.

"हे तुमच्या सुंदर फॉन्टमध्ये का नाही छापलंत?"

"तुमच्याच अक्षरात तुम्हाला मागणी घातली, तर... उत्तरही मीच लिहिल्यासारखं होईल."

"अक्षर फारच वाईट आहे."

"माहीत आहे."

"मजकुरात दुरुस्ती नाही."

तिने संमतिपत्र ओढून घेतले. "फॉन्टखाली दोघांची नावं हवीत. आणि पुढचा फॉन्ट पहिल्या रेषेपासून दोघांनी काढायचा." तो मान डोलावत असतानाच तिने सही केली.

"आणि... माझ्या पत्राचं?"

"त्याचं उत्तर मी लिहिणार नाही." शाईने माखलेली बोटे तिने त्याच्या हातावर ठेवली. "हो," ती म्हणाली. त्याने ऐकू न आल्याचे सोंग केले, म्हणून तिने ते आणखी एकदा म्हटले.