पाठमोरा

"अहो, तो कागद काचेवर ठेवू नका!"

झेरॉक्सच्या दुकानात माझ्या मागे उभा असलेला माणूस इतक्या घाईने बोलला, की मी दचकून कागद छातीशी धरला. वळून पाहिलं. उंच, उन्हाने रापलेला, काखेत नकाशांच्या दोन गुंडाळ्या... आणि डोळे घट्ट मिटलेले.

"डोळे का मिटलेत?"

"चुकून नजर गेली. बारा आकडे आणि प्रत्येकापुढे एक इंग्रजी शब्द, एवढंच दिसलं. शब्द वाचले नाहीत, शपथ! केलीत का घडी?"

"केली."

त्याने एक डोळा उघडला. अंदाज घेतला. मग दुसरा.

"क्रिप्टो वॉलेटचे शब्द ना ते? यातली बरीच मशीनं प्रत काढलेलं पान पोटात साठवून ठेवतात. मशीन भंगारात गेलं तरी पान आत राहतं. हाताने उतरवून घ्या."

मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं, त्यामुळे जरा अडखळतच आलं.

खरं तर माणसांशी बोलायची माझी सवयच मोडली होती. ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठी मी पडद्यावरच्या ओळी लिहिते. नुसते संवाद नाही, आवाजसुद्धा. दूर कुठेतरी दार बंद होतं. कुणीतरी हुंदका आवरतं. दिवसभर कानाला हेडफोन, खोलीत मी एकटी. संध्याकाळी भाजी घ्यायला उतरले की माझा पहिला शब्द घोगरा निघायचा.

परदेशातली कंपनी माझ्या कामाचा काही मोबदला क्रिप्टोत, म्हणजे इंटरनेटवरच्या चलनात द्यायची. तो मी आईच्या कानांच्या ऑपरेशनसाठी लॅपटॉपवरच्या वॉलेटमध्ये बाजूला टाकत गेले. ऑपरेशनच्या आधीच आई गेली. तेव्हापासून मी त्याला हात लावला नव्हता. तिचं आहे, ती कधीतरी येऊन मागेल, असं काहीतरी वेड्यासारखं वाटत राहायचं. आणि आता लॅपटॉपच बंद पडला होता. दुरुस्तीवाल्याने मान हलवली होती. उरला होता हा एक कागद, त्यावर वॉलेट परत उघडण्याचे बारा शब्द, आणि तेही आईच्या अक्षरातले.

"मला एकजण मदत करतोय," मी त्याला म्हटलं. "इंटरनेटवर प्रश्न विचारला होता, तर लगेच एका मदतनिसाचा मेसेज आला. फक्त बारा शब्द पाठवा म्हणतो."

त्याच्या काखेतली गुंडाळी खाली पडली. "पाठवलेत?"

"अजून नाही..."

"पाठवू नका. जो शब्द मागतो तो चोर. एवढा एकच नियम पाठ करा."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे मागितले? मागितले तर मीही चोर." तो गुंडाळी उचलायला वाकला आणि वाकूनच म्हणाला, "माझे गेलेत हो. शब्दांचा फोटो काढून फोनमध्ये ठेवला होता. एका सकाळी वॉलेट उघडलं तर झाडून नेलेलं. दुनियेच्या जमिनी मोजतो मी, आणि स्वतःच्या घराला कुंपण नाही."

तो भूमापक होता. माझ्या मनात त्याचं नाव मात्र 'नकाशेवाला' पडलं ते पडलंच.

वॉलेट उघडायला मदत करशील का, असं मीच विचारलं, आणि रविवारी दुपारी तो माझ्याकडे आला. समोरच्या काकूंनी दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. मीही ठेवलं. माझा एक जुना लॅपटॉप आम्ही पुसून कोरा केला. वॉलेटचं ॲप कुठून घ्यायचं हे तो बोट न लावता सांगत राहिला. "पहिली दिसते ती जाहिरात असेल, तिच्यावर जाऊ नका. पत्ता स्वतः टाइप करा. एकेक अक्षर बघून." ॲप बसलं. पडद्यावर बारा रिकामे चौकोन आले.

तो उठला, खुर्ची ओढत पॅसेजमध्ये नेली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"हे काय?"

"आता तुमचं तुम्ही. मी पाठमोरा."

"शाळेत शिक्षा झाल्यासारखे दिसताय."

"शाळेत एवढी चांगली भिंत नव्हती. इथे आईंचा फोटो लावला होता का? चौकोन पांढरा राहिलाय."

"हो. आतल्या खोलीत नेला. इथे... येता-जाता दिसायचा."

मी एकेक शब्द टाइप केला. आईचं अक्षर टायपिस्टचं, सुबक, प्रत्येक शब्दानंतर छोटा पूर्णविराम. तिला तेव्हा जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. मी शब्द म्हणत गेले आणि ती माझ्या ओठांकडे बघून लिहीत गेली. "तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय," म्हणाली होती, "आण इकडे, मी लिहिते."

शेवटचा शब्द टाकला. बटण दाबलं.

लाल अक्षरं आली. शब्द चुकीचे आहेत.

पुन्हा टाकले. पुन्हा लाल.

"नाही होत," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. "गेलं. सगळं गेलं..."

"वळू का?"

"नको! कागद उघडा आहे."

"बरं. मग भिंतीशी बोलतो. हे बघा, गेलं असतं तर ॲप काही म्हणालं नसतं, वॉलेट उघडून रिकामं दाखवलं असतं. ते चुकीचं म्हणतंय म्हणजे एखादा शब्द इकडचा तिकडे झालाय. लिहिले कोणी? तुम्ही?"

मी सांगितलं. आई, ओठ, सगळं. त्या पाठीला सांगणं सोपं होतं. तोंडावर कधीच जमलं नसतं.

तो हळूच म्हणाला, "ओठांवर सारखे दिसणारे शब्द शोधा. उच्चार एक, स्पेलिंग दोन. कुठला ते मला सांगू नका."

मी कागदावर बोट फिरवत गेले. पहिला... नाही. पुढचा... नाही. आणि मग एका शब्दावर बोट अडलं. आईने एका फळाचं नाव लिहिलं होतं. मी सांगितला होता तो शब्द वेगळा होता. इंग्रजीत दोन्हींचा उच्चार अगदी एकच. (कोणता, ते इथेही सांगणार नाही. नियम म्हणजे नियम.) ओठांवरून तर कुणालाच फरक कळला नसता. कान शाबूत असते तरी कळला नसता.

स्पेलिंग बदललं. बटण दाबलं.

वॉलेट उघडलं.

मला हसायचं होतं, पण रडू फुटलं. आई गेली तेव्हा आलं नव्हतं तेवढं. पॅसेजमधली पाठ ताठ झाली, खांदे वर गेले, पण तो वळला नाही. फक्त हात मागे करून खिशातला रुमाल माझ्या दिशेने धरला. मी उठून तो घेतला. बोटं बोटांना लागली... आणि दोघांपैकी कुणीही घाईने हात काढून घेतला नाही.

कागदाची घडी घालून मी म्हटलं, "वळा आता."

तो वळला. माझ्याकडे बघून त्याने पुन्हा डोळे मिटले.

"आता का?"

"आता वेगळ्या कारणाने," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

चहा झाल्यावर त्याने पुढचं सांगितलं. न पुसणाऱ्या शाईने दुसरी प्रत लिहायची. आणि मग वॉलेट काढून टाकून त्या नव्या प्रतीवरून परत उघडून बघायचं.

"आत्ता कुठे मिळालंय, आणि परत पुसू? वेड लागलंय का?"

"प्रत खरी आहे की नाही, हे आज कळलेलं बरं. ज्या दिवशी अडेल त्या दिवशी नको."

शेवटी मी वॉलेट पुसलं. तो परत भिंतीकडे. वॉलेट परत उघडलं. आईच्या कागदावरही मी तिच्या शब्दाखाली बारीक अक्षरात योग्य स्पेलिंग लिहिलं. तिचा शब्द खोडला नाही.

"आता एक प्रत इथे," तो म्हणाला, "आणि दुसरी दुसऱ्या घरात. आग, पाणी, चोरी... दोन्ही एका छपराखाली नकोत. लिफाफा बंद करून अगदी विश्वासाच्या माणसाकडे. कोण आहे?"

साधा प्रश्न होता. मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते, मोठे, लहान, अगदी चिमुकले. मी मनात एकेक घर आठवत गेले आणि एकेक दार बंद होत गेलं.

"बघते," मी म्हटलं.

त्यानंतर आम्ही भेटत राहिलो. कधी त्याच्या ऑफिसखालच्या कॅन्टीनमध्ये, कधी नुसतेच चालत. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलं नाही. पण तो घराकडे वळला की जिना चढताना माझ्या पायांचा आवाज मला आधीपेक्षा जास्त ऐकू यायचा. एकटेपणाची सवय असते तोवर तो बोचत नाही. कुणी येऊन गेलं की मग खोली खायला उठते.

मग त्याची बदली आली. धरणाच्या कामावर, लांब, वर्षभर तरी. शेवटच्या संध्याकाळी कॅन्टीनमध्ये मी लिफाफा त्याच्यापुढे सरकवला.

"हे तू ठेव."

त्याने लिफाफ्याला हात लावला नाही. "नाही."

"माझा विश्वास आहे तुझ्यावर."

"माहीत आहे. म्हणूनच नाही." त्याने कप फिरवला, परत फिरवला. "मला तू आवडतेस. खूप. भिंतीकडे बघत बसलो होतो ना, तेव्हापासून. उद्या तू मला हो म्हणालीस, तर तुझी किल्ली माझ्या खिशात आहे म्हणून म्हणालीस का, ही शंका मला नको. नाही म्हणालीस तर... तेही तुला मोकळेपणी म्हणता आलं पाहिजे."

"तुझ्याशिवाय माझं कुणी नाही रे!" माझ्या तोंडून निघून गेलं. शेजारच्या टेबलावरचे वळले.

"असं म्हणून मला हो म्हणू नकोस," तो हळू आवाजात म्हणाला. "कुणी नाही म्हणून मी... असं नको."

मला राग आला. लिफाफा उचलून मी चालती झाले. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याचा मेसेज आला, पोचलो. मी उत्तर दिलं नाही. पुढचे कित्येक दिवस हेडफोन, ओळी, झोप. पण त्याचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. रागवायला जावं, तर त्यात चूक सापडेना.

शेवटी एका शनिवारी मी बसमध्ये बसले. मावशीकडे जायला. आई गेली त्या दिवशी मावशी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "साठवत बसलीस, आणि तिला तुझा आवाज ऐकायचा राहून गेला." त्यानंतर मी तिचा फोन घेतला नव्हता.

मावशीने दार उघडलं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वाळलीस की गं," म्हणाली, आणि माझी पिशवी हातातून काढून घेतली.

जेवताना ती ताटाकडे बघत बोलली. "तेव्हा बोलले ते... माझ्याच जिवाची आग होती. शेवटी शेवटी फोनवर तिच्याशी दोन शब्द बोलता आले नाहीत मला. ऐकूच जायचं नाही ना तिला. तो राग तुझ्यावर काढला."

"मला वाटलं, तुझं खरंच आहे."

"खरं कसलं डोंबलाचं! जेव."

मी लिफाफा दिला. उघडायचा नाही, फोटो काढायचा नाही, कुणी मागितला तर द्यायचा नाही, सगळं समजावलं.

"अगं, मला चष्म्याशिवाय भाजीतला खडा दिसत नाही, मी कशाला उघडते?" असं म्हणत तिने तो कपाटातल्या लॉकरमध्ये ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. मग म्हणाली, "राहशील ना दोन दिवस?"

दुपारी तिच्या बाल्कनीत बसून मी त्याला फोन लावला. पलीकडे वारा होता, कुणीतरी लांबून त्याला मोजणीचे आकडे ओरडून सांगत होतं. मग त्याचा आवाज, एकदम जवळ. "हॅलो? तू आहेस?"

"लिफाफा मावशीकडे ठेवला."

"मावशी आहे तुला?" त्याच्या आवाजातला आनंद लपेना.

"आहे. होतीच. समोरच्या काकूही आहेत, काल त्यांनी विचारलं, तो भिंतीकडे बघणारा मुलगा हल्ली दिसत नाही. म्हणजे माझं कुणी नाही असं काही नाही. आणि माझी किल्लीबिल्लीही तुझ्याकडे नाही."

"मग फोन का केलास?" तो अगदी सावकाश म्हणाला.

मी उत्तर जुळवत होते. तेवढ्यात आतून मावशीची हाक आली. "कोण आहे गं फोनवर?"

फोनवर हात ठेवता आला असता. मी ठेवला नाही.

"मला आवडतो तो आहे, मावशी!" मी मोठ्याने सांगितलं.

पलीकडे आकडे ओरडणारा माणूस ओरडतच राहिला, आणि आकडे टिपून घेणारा माझा नकाशेवाला त्याला उत्तरच देईना.