किटानोच्या चढावरचा मांडव

मी त्याच्या गाडीखालीच यायची, थोडक्यात वाचले!

चढावरून हिरव्यागार बांबूंनी भरलेला एक छोटा टेम्पो येत होता. मी दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. करकचून ब्रेक लागला आणि खिडकीतून एक डोकं बाहेर आलं... कपाळाला टॉवेल बांधलेला, गालावर मातीचा फराटा.

"जीवच द्यायचा असेल तर खालच्या चौकात मोठे ट्रक मिळतील."

"हे बांबू फेकणार आहात?"

"हो. का? पांडा पाळलाय?"

"नाही. सण पाळायचाय."

तो हसला. तेवढ्यात मी त्याचे डोळे पाहून घेतले... आणि घाईने बांबूंकडे बघायला लागले.

आदल्या रात्रीच्या वादळाने आमच्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनाघराच्या, अंगणातल्या सणाच्या मांडवाचं छत पार उडवून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सण सुरू. सात दिवस आम्ही जेवतो ते त्या मांडवात, आणि त्याचं छत झाडापानांचंच लागतं, पानांमधून चांदणं दिसेल इतपत विरळ. बाबा, म्हणजे आमच्या छोट्याशा जमातीचे धर्मगुरू, रब्बी एज्रा, पहाटेपासून रिकाम्या सांगाड्याखाली डोकं धरून बसले होते.

"बांबू माझे नाहीत, वरच्या बौद्ध देवळाचे आहेत. मी तिथला माळी, इत्सुकी," तो म्हणाला. "विचारावं लागेल."

"मग विचारू या. न विचारता आणलेलं आम्हाला चालतच नाही."

"बसा तर. नाव काय तुमचं?"

"लुना."

"लुना-सान, दाराला जरा जोर लावा. ते माझंही ऐकत नाही."

देवळाचे गेनशो महाराज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कानाने थोडे कमी. "सात दिवस बाहेर जेवायचं?" ते दोनदा म्हणाले. "डास फोडून काढतील! न्या, सगळे न्या. पण आमच्याकडे पानं झाडायला माणसं उरली नाहीत. रविवारी झाडू घेऊन या."

बांबू चढवायला इत्सुकी स्वतःच आला. "दाट हवं की विरळ?" तो शिडीवरून विचारायचा आणि मी खालून सांगायची. खरं तर दुसऱ्याच आडव्या बांबूला त्याला सगळं समजलं होतं... तरी तो विचारत राहिला, आणि मीही सांगत राहिले.

रविवारी आम्ही अकराजण झाडू घेऊन देवळात गेलो. बाबा आणि गेनशो महाराज एका बाकावर बसून गुडघेदुखीवर बोलले, झाडलं बाकीच्यांनी. आमच्या मांडवातली पानं सुकली होती म्हणून महाराजांनी पुन्हा एक टेम्पोभर बांबू दिले. ते घेऊन इत्सुकी आला, आणि सोमवारी काहीच न घेता आला. बाबांनी त्याला जेवायला थांबवलं.

बीटाचं लालभडक सूप वाढून झालं आणि पाऊस आला. सुपात पाणी पडायला लागलं की आत जायची आमच्यात मुभा आहे. मंडळी ताटं, वाडगे उचलून हसत पळाली. मी मेणबत्त्या गोळा करायला मागे राहिले. तोही राहिला... त्याच्या हातात एकच चमचा होता.

"महिनाअखेर मी न्यूयॉर्कला चाललेय, आत्याकडे," मी म्हणाले. का सांगितलं, कोण जाणे. "तिथे आमच्यातला एक मुलगा बघायचाय."

"बघायचाय... की बघावा लागतोय?"

मी पुढची मेणबत्ती उचलली. पानांवरून एक थेंब माझ्या मनगटावर पडला, आणि त्याने तो बोटाने हलकेच पुसला.

"जाऊ नका."

"इत्सुकी, मला तू आवडतोस. पण हे घर, हे सण मला सोडता येणार नाहीत."

"सोडा म्हणतंय कोण? दोन वर्षं दर शुक्रवारी तुमच्या प्रार्थनेच्या वेळी ह्या भिंतीशी गाडी बंद करून तुमची गाणी ऐकतोय मी. काल तुमच्या बाबांना विचारलं, तुमचा धर्म शिकायला येऊ का? म्हणाले, नको. आज सकाळी पुन्हा विचारलं. पुन्हा नको."

मला हसूच फुटलं.

"हसताय काय? इथे माझा जीव चाललाय!"

"अरे, बाहेरून धर्मात येणाऱ्याला तीनदा नको म्हणायची रीत आहे आमच्यात. मन पक्कं आहे का, ते बघतात."

तो तसाच ओलाचिंब आत गेला. मी त्याच्यामागे धावले. सगळी पंगत चमचे थांबवून बघायला लागली.

"रब्बी, मला शिकायचंय."

"मुलीसाठी?" बाबांनी विचारलं.

"आधी गाण्यांसाठी. आता दोन्हींसाठी. खोटं बोलून सुरुवात कशी करू?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओल्या केसांकडे, हातातल्या विझलेल्या मेणबत्त्यांकडे. मी मान खाली घातली नाही.

"नको," बाबा म्हणाले.

तिसरं 'नको' झालं. मग त्यांनी शेजारची खुर्ची पायाने मागे सरकवली.

"वर्षं लागतील, पोरा. कदाचित कंटाळून पळशील. पुढच्या सोमवारी चार वाजता ये... उशीर केलेला मला खपत नाही."

इत्सुकी खाली बसला. दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी होती. मी जाऊन तिच्यात बसले आणि बाबांच्या देखत त्याचा गार हात हातात घेतला.