गवताची वाकडी ओळ

ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची ट्यूब बदलायला म्हणून मी टायरच्या दुकानात गेले होते. गडी हवा भरत होता तोवर सहज दुकानामागे डोकावले, तर ताडपत्रीच्या फाटक्या कोपऱ्यातून एक वाकडा पोलादी दाता बाहेर आलेला. गंजलेला होता, पण बोटाने दाबून सोडला तर टुणकन जागेवर आला. असं पोलाद आता कुणी घालत नाही.

कुणाला न विचारताच मी ताडपत्री उचलली. खाली गवत ओढायचा जुना रेक होता. एक तिरका लोखंडी दांडा, त्यावर छातीएवढ्या उंचीची चार चाकं आणि चाकांना चौफेर दाते. ट्रॅक्टरच्या मागे टांगायचा आणि निघायचं. चाकं जमिनीला टेकून आपोआप फिरतात, कापून पसरलेलं गवत कडेला सारत नेतात आणि शेवटच्या चाकापाशी त्याची लांबच लांब ओळ पडते. त्या ओळीवरून मग गठ्ठे बांधायचं मशीन फिरतं. रेकला इंजिन नाही, पट्टा नाही. बिघडायला त्यात फारसं काही नसतंच.

"भंगारवाला येऊन गेला," मागून आवाज आला. "हाकलून दिला मी."

दुकान चालवणाऱ्या बाईचे वडील होते. वाकलेले, पण दाढी गुळगुळीत केलेली, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"काका, विकणार का?"

"चालवणार कोण?"

"मीच."

त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटा केला. "नखांतलं ग्रीस निघत नाही वाटतं?"

"नाही निघत."

"मग ने."

त्यांची मुलगी मला दारापर्यंत सोडायला आली. "आमचं शेत, घर, सगळं धरणाच्या पाण्यात गेलं," ती म्हणाली. "मी तेव्हा कडेवर होते. निम्मी भांडीसुद्धा तिथंच राहिली, पण हे धूड बाबांनी आणलंच. न्या एकदाचं. मला कपडे वाळत घालायला जागा होईल."

माझी सगळी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेली. निवृत्त झाल्यावर मी थोरल्या भावाबरोबर आमच्या रानात गवत लावायला लागले. आसपासचे गोठेवाले आमच्याकडून गठ्ठे नेतात. ट्रॅक्टर मी चालवते, गिऱ्हाइकं दादा सांभाळतो. सरळ रेषेचं मला वेड आहे म्हणून तो मला फूटपट्टी म्हणतो. रेक पाहून त्याने कपाळाला हात लावला. "फूटपट्टी, हे लोखंड आहे की लोखंडाचा सांगाडा?"

थंडीभर शेडमध्ये मी त्या रेकच्या मागे होते. बोल्ट डिझेलमध्ये भिजत घातले, हातोडीने हळूहळू बोलते केले. बेअरिंगं धुतली, दोन गेलेली होती ती बदलली. एका चाकाच्या आसावर बसणारा बुश लेथवाल्याकडून करून घेतला आणि तो जरा सैल निघाला म्हणून परत करायला लावला. वाकलेले दाते एकेक करून शिकंज्यात धरून सरळ केले. गंजाखाली मूळचा लाल रंग सापडला. तसाच रंग मिळवायला तीन दुकानं पालथी घातली. शेवटी चारही चाकं हाताने फिरवली तेव्हा ती इतकी गुपचूप फिरली, की दादा चहाचा कप तसाच धरून उभा राहिला.

"बरं फिरतंय," तो म्हणाला. दादाच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

पहिल्या कापणीला मी सकाळी, दव उडाल्यावर, रेक रानात घातला. अशा ओळी मी जन्मात काढल्या नव्हत्या. फुगीर, हलक्या, कडा कापल्यासारख्या. रस्त्याने जाणारा दूधवाला गाडी थांबवून बघत राहिला आणि मी मुद्दामच त्याच्याकडे पाहिलं नाही.

ओढ्याकडच्या पट्ट्यात मात्र एक ओळ वाकली. मधेच डावीकडे सरकली आणि पुढे पुन्हा जागेवर आली.

"डुलकी लागली का?" दादाने विचारलं.

मी उतरून पाहिलं. ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा नाकासमोर गेल्या होत्या. मी दोन खुंट्या ठोकून दोरी ताणली. खुणा दोरीला धरून होत्या, ओळ नव्हती. आता रेकचा दांडा घट्ट, चाकं दांड्याला घट्ट. ओळ वाकायची तर ट्रॅक्टर वाकला पाहिजे. मी नट तपासले, दांड्याचा कोन तपासला, टायरमधली हवा पाहिली. सगळं ठाकठीक होतं. चढामुळे झालं असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. तिथं चढ नाही, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या कापणीला त्याच पट्ट्यात ओळी पुन्हा वाकल्या. या वेळी एक सोडून चार, आणि एक तर सरळ काटकोनात वळली. मी उलट्या दिशेने रेक फिरवला. गवत उठलं, चाकांमधून गेलं आणि होतं तिथंच जाऊन बसलं. दादाने शेजाऱ्याचा नवा रेक मागून आणला. त्याने ओळी सरळ पडल्या. त्याच ओळींवर मी माझा रेक घातला आणि त्या पुन्हा वळल्या.

दादा ट्रॅक्टरपासून लांब जाऊन उभा राहिला. "विकून टाक हे," तो म्हणाला.

"हे मी हाताने उभं केलंय, दादा."

"म्हणून तर सांगतोय."

मी पाण्याच्या टाकीची शिडी चढून वर गेले आणि खाली पाहिलं.

आयुष्यभर मी नकाशे काढले आहेत. घराचा नकाशा मला ओळखू येतो. समोर ओटा. मधे मोठी खोली, तिला लागून दोन लहान, एक बाजूला, एक मागे. ओळी जिथं तुटल्या होत्या तिथं दारं. भिंतींची जाडी सगळीकडे सारखी आणि आतल्या जमिनीवर गवताची एक काडी नाही.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला भीती नाही वाटली. काम किती नेटकं झालंय, तेच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानवालीला आणि काकांना गाडीत घालून आणलं. काय आहे ते सांगितलं नाही, नुसतं बघायला चला म्हटलं. काका आधी रेककडे गेले. चाकावर हात फिरवला, एक दाता दाबून सोडला. "जपलंस," ते म्हणाले. माझ्या निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी केलेल्या अख्ख्या भाषणातही एवढं कौतुक नव्हतं.

मग ते ओढ्याकडे वळले. मी दाखवलं नव्हतं, तरी बरोबर तिकडेच.

पहिल्या ओळीशी जाऊन थांबले. ओळ जिथं तुटली होती तिथं चपला काढल्या, शेजारी शेजारी ठेवल्या.

"बाबा, काटे असतील!" मुलगी ओरडली.

त्यांनी मान खाली घालून आत पाऊल टाकलं. कमी उंचीच्या दारातून जाताना घालतात तशी.

मोठ्या खोलीतून ते फिरले. हात कमरेच्या उंचीवर धरून, कशाला तरी चाचपत. दुसऱ्या खोलीत गेले, तिथंही मान खाली घातली. मग मागच्या खोलीच्या दारापाशी बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

दादा माझ्याजवळ आला.

काका परत आले ते हसत. मुलीने चपला पुढे केल्या आणि तिचा हात थांबला. त्यांचे पाय घोट्यांपर्यंत चिखलाने भरले होते. काळा, गाळाचा चिखल. रान तर कडकडीत वाळलेलं होतं.

तिने ओढणीने त्यांचे पाय पुसले.

"ओळी चोख काढल्यास पोरी," काका मला म्हणाले. "बोटभरसुद्धा फरक नाही."

"घर तुमचंच ना, काका?"

"आमचंच. फक्त मागची खोली आमची नव्हे."

"म्हणजे?"

"आम्ही निघालो तेव्हा नव्हती ती. नंतर बांधलीय कुणीतरी." त्यांचा चेहरा उजळला होता. "घर रिकामं नाही पडलं म्हणायचं."

दुकानवालीने त्यांचा दंड धरून त्यांना गाडीत बसवलं. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही. काका मात्र फाटकातून बाहेर पडेपर्यंत काचेतून बघत होते.

दादा त्या पट्ट्यात आता पाय टाकत नाही. तिथले गठ्ठे मी एकटी बांधते आणि गोठेवाले ते आधी मागतात. जनावरं ते गवत चाटूनपुसून खातात, म्हणतात. रेकला मी दर कामाआधी ग्रीस घालते, काम संपलं की दाते पुसून शेडमध्ये उभा करते. आसपासच्या रानांत एवढा जुना आणि एवढा चालता रेक दुसरा नाही.

काल या हंगामाची शेवटची कापणी झाली. मी टाकीवर चढून पाहिलं. मागच्या खोलीला लागून आणखी एक खोली निघाली आहे. भिंती काटकोनात, दार आतल्या बाजूने.

लहानशीच आहे. पाळणा मावेल एवढी.