बिघडलं तर तुम्ही या

“आजच्या चहात साखर कमी का?”

प्रश्न इतक्या गोड आवाजात आला, की फोनला काच लावून घ्यायला उभा असलेला तो तरुण गडबडून म्हणाला, “मी नाही केला चहा!”

पूर्णिमानं ओठ घट्ट दाबले. हसू तरीही फुटलंच. प्रश्न तिनं विचारला नव्हता, तिच्या पुढ्यातल्या टॅब्लेटनं विचारला होता. राजपुऱ्यातल्या गोटूशेठच्या दुकानात ती तासाभरापासून दोन टॅब्लेट मांडून बसली होती, एक ॲपलचा आणि एक अँड्रॉइडचा. मराठीत काहीबाही टाइप करायचं आणि ते कसं बोलतंय ते ऐकायचं, असं तिचं चाललं होतं.

“वैसे, आवाज एकदम सासूबाईंचा आहे हं,” तो तरुण जवळ सरकत म्हणाला. “घरी न्याल तर रोज बोलणी खाल.”

पूर्णिमाचं हसू मावळलं. “वडिलांसाठी बघतेय. घशाचं ऑपरेशन झालं त्यांचं. जीव वाचला... आवाज गेला.”

बिचाऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. “सॉरी... मतलब, मला खरंच...”

“तुम्हाला कसं माहीत असणार?” ती म्हणाली. त्याची ती धांदल बघून तिला त्याच्यावर रागावताच येईना. डोळे चांगले होते हो त्याचे. असले डोळे समोर असले की माणसाला भांडण नीट जमत नाही.

त्याचं नाव तुषार. इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागला होता. घरच्या केळीच्या बागेकडे बघायला कोणी उरलं नाही, तेव्हा परत आला. हे सगळं त्यानं न विचारताच सांगून टाकलं, आणि मग टॅब्लेटकडे बोट दाखवून निकालही दिला.

“अँड्रॉइड घ्या. कुठूनही काही आणा, आत घेतं. लग्नघरासारखं.”

“म्हणजे गोंधळ,” पूर्णिमा म्हणाली. ती शाळेत शिकवायची. गोंधळाशी तिचं रोजचं वैर होतं. “माझा फोन ॲपलचा आहे. कसं नीटनेटकं, शांत असतं सगळं.”

“सोवळ्यातल्या आत्याबाई! दुसऱ्याच्या हातचं चालत नाही.”

“स्वच्छता म्हणतात त्याला.”

“विंडोजवालाही आहे माझ्याकडे,” गोटूशेठ मध्येच म्हणाले. “बिचाऱ्याला कोणी विचारत नाही.”

दोघांनीही विचारलं नाही. भांडण फार रंगात आलं होतं. शेवटी गोटूशेठनीच दोन्ही टॅब्लेट पिशवीत घातले. “बेटा, दोन्ही घरी ने. कडूभाऊंना जो पटेल तो ठेवा, दुसरा परत आण. त्या माणसासाठी एवढं नाही करायचं तर कोणासाठी?”

तुषारनं झटकन वर पाहिलं. “कडूभाऊ? बहादरपूरचे? म्हणजे तुम्ही... पूर्णा?”

“पूर्णिमा. पूर्णा फक्त नाना म्हणतात मला.” ती थबकली. “तुम्हाला कसं माहीत?”

तो उत्तर देता देता थांबला. कान मात्र लाल झाले. “सांगेन कधीतरी,” म्हणाला. “आधी टॅब्लेट घरी चालू करून द्यायला येऊ का?”

आता तुम्हीच सांगा, शिकलेल्या मुलीला स्वतःचा टॅब्लेट चालू करता येत नाही का? येतो. पण पूर्णिमानं “या रविवारी” म्हणून टाकलं, आणि घरी जाईपर्यंत आपण असं का म्हटलं याचा विचार करत राहिली.

पूर्णिमाच्या नानांचं, म्हणजे कडूभाऊंचं, नाव कडू, पण गळा असा की मंडीत ते केळीचा लिलाव पुकारायला लागले की रस्त्यावरची माणसं थांबायची. बायको गेल्यावर घरात बापलेक दोघंच. तरी त्या घराला कधी शांतता माहीत नव्हती. नाना आंघोळीतून बोलायचे, अंगणातून बोलायचे, पूर्णिमा शाळेतून आली की चप्पल काढायच्या आत “जेवली का?” म्हणून विचारायचे. ऑपरेशननंतर ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. मंडी नाही, माणसं नाहीत. फोनसुद्धा त्यातलं सगळं पुसून भाच्याला देऊन टाकला. दुखणं बरं होऊनही नाना हळूहळू हातातून निसटताहेत, हे पूर्णिमाला दिसत होतं. या टॅब्लेटवर तिनं सगळी आशा लावली होती.

रविवारी तुषार आला तो मावा जिलेबी घेऊन. नानांच्या पाया पडला आणि खाटेशेजारी खालीच बसला. पूर्णिमानं नानांना उठवून बसवलं. त्यांचं जाड बोट धरून काचेवर “राम राम” लिहवून घेतलं.

“राम राम,” टॅब्लेटमधली ती सुरेख बाई म्हणाली.

नानांनी दुसरा टॅब्लेट पाहिला. त्यातही परका आवाज. स्पष्ट, शुद्ध, अगदी बातम्या दिल्यासारखा. नानांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग त्यांनी दोन्ही टॅब्लेट पालथे घातले, पाटी ओढली आणि खडूनं लिहिलं, ‘हा मी नाही.’

आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

पूर्णिमा अंगणात आली. इतके दिवस आवरलेलं रडू केळीच्या खुंटाशी उभं राहून मोकळं झालं. तुषार मागून आला, पण जवळ आला नाही. फक्त रुमाल पुढे धरला.

“टॅब्लेट अजून चार-आठ दिवस राहू द्या,” तो म्हणाला. “परत करू नका. माझ्याकडे द्या. प्लीज.”

“काय उपयोग?”

“बघू ना.” त्याच्या आवाजात काहीतरी होतं. “कडूभाऊंचं देणं आहे माझ्यावर. पैशाचं नाही.”

दोन्ही टॅब्लेट घेऊन तो गेला. मग रोज संध्याकाळी त्याचा मेसेज यायला लागला. ‘आत्याबाईंनी आज बरंच ऐकून घेतलं.’ कधी, ‘लग्नघरात पाहुणे वाढलेत.’ पूर्णिमा उत्तर पाठवायची, ‘तुमच्या लग्नघराला सांभाळा.’ पाठवून झाल्यावर ‘तुमच्या लग्नघराला’ हे शब्द वाचून तिची तिलाच लाज वाटली.

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा डोळे जागरणानं लाल होते. त्यानं अँड्रॉइडचा टॅब्लेट नानांच्या मांडीवर ठेवला. पडद्यावर मोठमोठी रंगीत बटणं होती. नानांनी नाखुशीनंच एकावर बोट टेकवलं.

“राम राम मंडळी! कडू बोलतोय, बहादरपूरहून!”

चुलीवरचं दूध तसंच सोडून पूर्णिमा धावत आली. तो खणखणीत, मंडी हलवणारा आवाज... नानांचाच. नानांचं बोट हवेतच राहिलं. मग त्यांनी दुसरं बटण दाबलं.

“चहा सांगा रे, साखर बरोबर टाका!”

तिसरं दाबलं, आणि त्यांचं ते गडगडाटी हसू घरभर घुमलं. नाना स्वतःचं हसू ऐकत होते आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

“हे कुठून आणलं?” पूर्णिमानं विचारलं.

“रोज सकाळी कडूभाऊ शेतकऱ्यांच्या ग्रुपवर भाव सांगायचे ना, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून,” तुषार म्हणाला. “मी गावी आलो तेव्हा मला शेतीतलं ओ की ठो येत नव्हतं. पाणी किती, घड कधी उतरवायचे, सगळं त्यांच्या आवाजावरून शिकलो. एकदा भाव सांगून झाल्यावर ते म्हणाले, ‘पोरांनो, वारा सुटणार, झाडांना टेकू लावा.’ मी लावले. आमची बाग उभी राहिली. पण कधी भेटून आभार मानायला जमलं नाही... लाज वाटायची. हे भाव येणं बंद झालं, तेव्हा तब्येत बरी नाही एवढंच कळलं. मी एकही रेकॉर्डिंग पुसलं नव्हतं.” तो नानांकडे वळला. “त्यातले तुकडे कापून बटणं केली, भाऊ. शब्द तुमचेच आहेत.”

नानांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. पूर्णिमालाही तो धरावासा वाटला. तिनं पदराला हात पुसले, एवढंच.

“कोपऱ्यातलं पिवळं राहिलं,” तुषार हळूच म्हणाला. आणि काय वाटलं कोण जाणे, उठून अंगणात निघून गेला.

पिवळं बटण नानांनी तेव्हा दाबलं नाही. त्यावर ‘पूर्णा’ एवढंच लिहिलं होतं; ते वाचून त्यांनी मान हलवली आणि लेकीला बाहेर जायची खूण केली.

तुषार फाटकाशी उभा होता, हातात ॲपलचा टॅब्लेट.

“यातही सगळी बटणं घातलीत,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “खरं सांगू? हाच ठेवा. मी उगाच भांडत होतो. तुमचा फोन ॲपलचा आहे, याच्यातलं सगळं तुम्हाला येतं. काही अडलं तर तुमचं तुम्हाला जमेल. माझी... मतलब, कोणाची गरज पडणार नाही.”

संध्याकाळचं ऊन केळीच्या पानांतून त्याच्या खांद्यावर पडलं होतं. पूर्णिमानं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. हा माणूस रात्रभर जागून नानांना परत घेऊन आला, आणि आता स्वतःचं येणं बंद व्हावं असा सल्ला देतोय!

“आधी एक सांगा. माझं नाव कसं माहीत होतं?”

त्यानं मोठा श्वास घेतला. “एके दिवशी भाव सांगून झाले आणि कडूभाऊ रेकॉर्डिंग बंद करायला विसरले. मागून तुमचा आवाज येत होता... तुम्ही त्यांच्यावर रागावत होता. मग त्यांनी तुम्हाला हाक मारली. ते मी किती वेळा ऐकलंय, सांगितलं तर हसाल. ही पूर्णा कोण, कशी असेल... दुकानात कळलं ती तुम्ही, तेव्हा...”

पूर्णिमाला हसू आलं नाही. तिनं त्याच्या हातातला ॲपलचा टॅब्लेट काढून घेतला आणि त्याच्याच पिशवीत घातला.

“हा गोटूशेठना परत द्या. घरात अँड्रॉइड राहील.”

“पण तुम्हाला त्यातलं काही येत नाही!”

“नाहीच येत,” ती म्हणाली. “बिघडलं तर तुम्ही या.”

त्यानं पिशवी घट्ट धरली. “आणि... नाही बिघडलं तर?”

“तर मी बिघडवीन.”

एवढं बोलून तिनं खाली बघितलं. आता वर बघायची तिची काही केल्या हिंमत होईना. तेवढ्यात घरातून हाक आली.

“पूर्णे... ए पूर्णे! जेवली का वं?”

दोघंही वळले. खिडकीतून नाना दिसत होते. टॅब्लेट मांडीवर, बोट पिवळ्या बटणावर, आणि नजर मुद्दाम छताकडे लावलेली. किती महिन्यांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता! जेवत होती ती, पण विचारणारं कोणी नव्हतं.

“नाही जेवले, नाना!” ती ओरडून म्हणाली. ओरडता ओरडता रडली आणि रडता रडता हसली. “वाढतेय आता! तिघांचं वाढतेय!”

तुषार पिशवी धरून तिथंच उभा.

“चल ना,” पूर्णिमा म्हणाली. “चप्पल तिकडं काढ आणि हात धुऊन घे. नाना पुन्हा विचारतील.”

आणि नानांनी खरंच पुन्हा विचारलं.