उजवा हातमोजा

विश्वास ठेवाच, असा आग्रह मी धरणार नाही. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय, आणि त्यातली एक वस्तू आज माझ्या कपाटात आहे.

भोपाळ. ८ डिसेंबर १९७१. लढाई सुरू होऊन पाच दिवस झाले होते.

सोनागिरी वस्तीला लागून एका मोठ्या कारखान्याची टाउनशिप आहे. निर्मलामावशीचं क्वार्टर गल्लीच्या अगदी टोकाला होतं, पुढे नुसतं मैदान. तिचे यजमान यशवंतकाका बारा-बारा तास कारखान्यात असायचे. एकुलता एक मुलगा उदय सीमेवर, नुकताच सेकंड लेफ्टनंट झालेला.

त्याचं पत्र येऊन एकोणीस दिवस झाले होते.

मावशी थकली होती. खिडक्यांना काळे कागद चिकटवा, वाळूच्या बादल्या भरा, रक्तदानाच्या याद्या करा, आणि उरलेल्या वेळात विणा. हुकूम मेजर दिघ्यांचा. निवृत्त मेजर बाळकृष्ण दिघे दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले. टाउनशिपचं नागरी संरक्षण आता त्यांच्या हाती होतं, आणि ते बायकांनाही पलटणीसारखं पळवायचे.

बारा तारखेला ट्रक निघणार होता. दर घरामागे हातमोज्यांची एक जोडी हवी होती. बंदुकीचा चाप ओढायला तर्जनी मोकळी, तळव्याच्या बाजूला दुहेरी वीण. जोडी दोऱ्यानं टाचायची आणि आत विणणारीच्या नावाची चिठ्ठी ठेवायची.

मावशीची जोडी उदयच्याच युनिटला पाठवायचं मेजरांनी कबूल केलं होतं. लहानपणापासून थंडीत उदयची बोटं बधिर व्हायची. मावशीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

त्या संध्याकाळी जोडी पुरी झाली. तिनं ती टेबलावर ठेवली, आणि पावणेसातला हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला.

दिवे गेले. गल्लीतून "बत्ती बुझाओ" ओरडत वॉर्डन पुढे निघून गेले.

मग कुत्री गप्प झाली. सगळी एकदम.

मैदानाकडून बुटांचा आवाज आला. सावकाश. दमल्यासारखा.

आणि दारावर एकच थाप पडली...

"बाई, उजव्या हाताचा हाय का?"

मावशीला वाटलं, कोणीतरी मोजे गोळा करायला आलंय. बारा तारखेला आणून देईन, असं तिनं आतूनच सांगितलं. मग अंधारात चाचपडत कडी काढली. तिनं दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं.

परत जाणारी पावलंसुद्धा वाजली नव्हती.

धोका टळल्याचा भोंगा झाला, दिवे आले. मावशीनं टेबलाकडे पाहिलं...

दोन्ही हातमोजे डाव्या हाताचे होते.

अंगठा उलट्या बाजूला. दुहेरी वीण मात्र होती तिथेच. आपलीच चूक, थकव्यानं झालं असेल, असं म्हणून तिनं एक मोजा उसवला. रात्रभर जागून पुन्हा विणला. मनगटं ठणकत होती. सकाळी तिनं स्वतःच्या उजव्या हातात घालून पाहिला. बरोबर बसला.

नऊ तारखेला पुन्हा पावणेसात. पुन्हा बूट, तीच थाप. या वेळी आवाज अगदी फटीशी होता...

"निर्मला मोघे इथंच ऱ्हात्यात ना?"

मोघे हे मावशीचं माहेरचं नाव. ते टाउनशिपमध्ये काकांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हतं.

दिवे आले तेव्हा उजवा मोजा पुन्हा डावा झाला होता.

आणि तिला इंदूरची शाळा आठवली. १९४३ साल. सहावीतल्या मुली महायुद्धातल्या शिपायांसाठी हातमोजे विणत होत्या. संध्याकाळपर्यंत जोड्यांचा आकडा भरायचा होता. बारा वर्षांच्या निर्मलानं घाईत दोन्ही मोजे डाव्या हाताचे विणले होते. बाई रागावतील म्हणून तिनं ते तसेच टाचले, चिठ्ठी घातली आणि देऊन टाकले. बाईंनी जोड्या मोजल्या. उघडून कोणी पाहिल्या नाहीत.

हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

दहा तारखेला ती पुन्हा विणायला बसली. प्रत्येक ओळीला पुटपुटत होती, "हा तुझा. आधी तुझा, मग माझ्या उदयचा." संध्याकाळी तिनं तो एकच मोजा उंबऱ्याबाहेर ठेवला आणि दार लावून घेतलं.

भोंगा झाला. बूट आले. थाप पडली नाही.

खूप वेळानं कोणीतरी मोठा श्वास सोडला... दाराला अगदी लागून.

दिवे आल्यावर तिनं दार उघडलं. तिचा मोजा तिथे नव्हता.

त्याच्या जागी दुसरा होता. जुना, चिखलानं कडक झालेला, कसर लागलेला. डाव्या हाताचा. आत पिवळी पडलेली चिठ्ठी होती. 'कु. निर्मला मोघे, इयत्ता सहावी, इंदूर.'

सकाळी तो घेऊन ती मेजरांकडे गेली. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि ते खुर्चीत बसले. मग मान खाली घालून सांगू लागले.

त्यांच्या तुकडीत गोविंद म्हणून एक शिपाई होता, साताऱ्याकडचा. इटलीतल्या बर्फात तो दोन डावे मोजे आणि त्यातली हीच चिठ्ठी घेऊन त्यांच्यासमोर आला. त्यांनी त्याला नखरे करू नकोस म्हणून झापलं आणि वर शिक्षा म्हणून रात्रीच्या पहाऱ्यावर पाठवलं. सकाळी तो बसलेलाच सापडला, उजवा हात सदऱ्यात खुपसलेला.

मावशी रडू लागली. "चूक माझी होती, मेजरसाहेब."

"तुम्ही बारा वर्षांच्या होतात. मी अठ्ठावीसचा होतो." मेजरांनी तो मोजा जपून तिच्या हातात ठेवला. "तुमच्याकडे तो मागायला तरी आला. माझ्याकडे आजवर आला नाही."

काका सांगायचे, ब्लॅकआउट संपेपर्यंत मेजर रोज संध्याकाळी दार सताड उघडं टाकून अंधारात बसायचे. कोणी आलं की नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

उदयचा उजवा मोजा मावशीनं अकरा तारखेला, काकांचा जुना स्वेटर उसवून विणला. संध्याकाळी भोंगा झाला. मैदानात काही वाजलं नाही. मोजा उजवाच राहिला. सकाळी ट्रक गेला.

जानेवारीत पत्र आलं. उदय सुखरूप होता. मावशी दारातच उभी राहून वाचत होती, आणि शेवटच्या ओळी तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

'आई, हातमोजे अगदी मापाचे झाले. फक्त एक कळत नाही. पार्सल उघडलं तेव्हा सगळं गारठलेलं होतं, डावा मोजासुद्धा. पण उजव्यात हात घातला तर तो आतून गरम होता... कोणीतरी नुकताच हातातून काढून दिल्यासारखा.'

मावशीला जाऊन आता अकरा वर्षं झाली. तो जुना, डावा मोजा माझ्याकडे आहे. दर डिसेंबरात मी त्याला ऊन दाखवते, झटकते, पुन्हा ठेवते.

त्यात हात घालून पाहायचं धाडस मला अजून झालेलं नाही.