जांभळी सावली

त्याला फक्त पासपोर्ट फोटो हवे होते.

मामा बाहेर गेला होता, म्हणून त्या दुपारी त्याच्या फोटो स्टुडिओत मी एकटीच होते. बाहेर रिपरिप चालू होती. तो दारात उभा राहून छत्री मिटवायला बघत होता आणि ती काही केल्या मिटत नव्हती. त्याचा उजवा हात थरथरत होता... मी पुढे होऊन छत्री मिटवली.

"हॉस्पिटलच्या फॉर्मसाठी हवेत," तो म्हणाला. "जरा बरा आजारी दिसेन असे काढा."

"बरा आजारी म्हणजे?"

"डॉक्टरांना दया यावी, पण नर्सला येऊ नये, असा."

मला हसूच आलं. फोटो काढून झाले, तशी त्याची नजर माझ्या कॉम्प्युटरवर गेली. लग्नाच्या अल्बममधला एक नवरदेव मी गुळगुळीत करत बसले होते.

"अहो, एवढा नका घासू त्याला! बायको घरी नेईल आणि दुसऱ्या दिवशी बदलून मागेल."

जाताना दारात थांबला. जरा अडखळला.

"जंगलाचे फोटो दिले तर... त्यांचं चित्र करता येईल? रंगवल्यासारखं?"

तो चित्रकार होता. आयुष्यभर एकच जंगल रंगवलेलं. दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागला, आणि हे बरं होणारं नाही, वाढत जाणारं आहे, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. ब्रश सुटला. मग स्टँडवर कॅमेरा लावून तो जंगलाचे फोटो काढायला लागला. पण ते नुसते फोटो होते. त्याला त्याची चित्रं परत हवी होती.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तो यायला लागला. मामा त्याला 'पेंटर' म्हणायचा. तो मला 'एडिटरबाई' म्हणायचा, आणि असं काही लांबवून म्हणायचा की मी मान खाली घालून उगाच कीबोर्ड पुसायचे.

मी आधी पानांच्या टोकदार कडा मऊ करायचे. धुकं थोडं वाढवायचं, भडक हिरवा पिवळ्याकडे न्यायचा, मग फांद्यांमधून येणारा उजेड कॉम्प्युटरच्या बारीक ब्रशनं एकेक ठिकाणी खुलवायचा. तो शेजारच्या खुर्चीत बसून बघत राहायचा.

"सावली काळी का केलीत?"

"सावली काळीच असते की."

"कोण म्हणालं? नीट बघा. जांभळी असते."

"मला तर काळीच दिसते."

"तुम्ही कधी कुणाची वाट बघत झाडाखाली बसला नाहीत, म्हणून."

"आणि तुम्ही बसलात?"

"मी...? मी हल्लीच बसायला लागलोय. झाड नाही, खुर्ची आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी."

मी उगाच माउस हलवत राहिले. पण त्या दिवसापासून मला सावल्या खरंच जांभळ्या दिसायला लागल्या. भिंतीवरच्या, जिन्यातल्या, आईच्या गालावरच्यासुद्धा.

एकदा त्यानं स्वतः माउस हातात घेतला. पडद्यावरचा बाण पिसाळल्यासारखा सैरावैरा धावला आणि तासाभराच्या कामावर हिरवी रेघोटी उमटली. तो खूप हसला. हसता हसता गप्प झाला. मी त्याच्या हातावर हात ठेवला. वाटलं, थांबेल. थांबला नाही. पण त्यानं हात काढूनही घेतला नाही.

प्रदर्शन ठरलं. बारा चित्रं, कॅनव्हासवर छापलेली. खाली दोघांची नावं हवीत असा त्याचाच हट्ट. गॅलरीवाल्या बाईंनी नाक मुरडलं, तरी तो ऐकेना. शेवटचं चित्र राहिलं होतं, तेव्हाच त्याला तपासण्यांसाठी आठवडाभर हॉस्पिटलात राहावं लागलं. "तुम्हीच करा," असा निरोप आला. मी केलं. ओढ्याकाठची झाडी, आणि अर्धं चित्र नुसती सावली. त्याच्याशी मनातल्या मनात बोलत बोलत केलं. इतकं जीव ओतून मी कधीच काही केलं नव्हतं.

प्रदर्शनाला त्याचे जुने सर आले. काठी टेकत, एकेका चित्रापुढे थांबत. नावांच्या पाट्या वाचण्याइतकी त्यांची नजर राहिली नव्हती. त्या शेवटच्या चित्रापुढे ते बराच वेळ उभे राहिले. मग वळून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आज तू खरा चित्रकार झालास, बाळा. ही सावली... ही तुला आजवर कधीच जमली नव्हती."

मी शेजारीच होते. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. तो खाली वाकून सरांच्या पाया पडला, आणि उठला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, ते चित्र हिचं आहे."

त्यानंतरचा मंगळवार गेला. शुक्रवार गेला. फोन लागेना. "पेंटर रुसला की काय गं?" मामानं विचारलं, आणि माझं तोंड बघून पुढचं गिळलं. मी लोकांचे नवरदेव गुळगुळीत करत राहिले. घास तोंडात फिरत राहायचा. ज्याच्यासाठी केलं त्यालाच मी पुसून टाकलं होतं, आणि हे कुणाला सांगावं तर सांगता येण्यासारखंही नव्हतं.

बाराव्या दिवशी तो आला.

"ताईकडे राहायला चाललोय. दुसऱ्या गावी. कायमचा... एकदा जंगल बघायला येता? एवढं रंगवलंत, पाहिलं तर नाहीच."

गेलो. जंगल माझ्या चित्रांसारखं मुळीच नव्हतं. पानांवर धूळ होती, चिलटं डोळ्यांत जात होती, उजेड डोळ्यांत खुपत होता. तो एका पडलेल्या खोडावर बसला. मी उभीच राहिले.

"मी तुमच्यासाठी केलं ते."

"माहीत आहे. म्हणून तर रागावता येत नाही. रागावता आलं असतं तर सोपं गेलं असतं."

"मग राहा ना. दोघं मिळून करू—"

"दोघं म्हणजे तू. मी नुसता शेजारच्या खुर्चीवर."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला तो. आणि ते असं, अशा वेळी.

"मला ती खुर्ची रिकामी नकोय," मी म्हटलं. "तुम्ही काही करू नका. नुसते या. मला... मला तुम्ही हवे आहात. चित्रं गेली खड्ड्यात, उद्यापासून मी हे काम सोडते."

"खबरदार!" तो ओरडलाच. मग आवाज एकदम खाली आला. "ऐक. मी शेजारी बसेन. तू एकाहून एक सरस चित्रं करशील. आणि प्रत्येक चित्रागणिक मी मनातून तुझा थोडा थोडा द्वेष करायला लागेन. मला माहीत आहे, सुरुवात झालीय. सर बोलले ना, त्या क्षणी झाली. माझं प्रेम आहे गं तुझ्यावर... हात गेला, काम गेलं. तेवढं तरी स्वच्छ राहू दे."

मी रडले. त्यानं मला रडू दिलं. मग आम्ही रस्त्यापर्यंत चालत आलो. त्याची गाडी आधी आली.

सात महिन्यांनी त्याच्या ताईंचा फोन आला. ओळख नव्हती, तरी ओळख असल्यासारख्या बोलल्या. तो बरा आहे, हाताची थरथर आणखी वाढलीय, शाळेतल्या मुलांना तोंडी चित्रकला शिकवतो, म्हणाल्या.

"माझी आठवण काढतो?" मी विचारलं.



"नाही गं. तुझा विषय निघाला की जेवता जेवता उठून जातो."



"मग नका काढू माझा विषय, ताई... त्याला जेवू दे."