भुरीच्या यकृतातलं पान

औषध देऊन महिना-दीड महिना झाला असेल, तोच भुरी शेळीच्या जबड्याखाली पुन्हा सूज आली. याच सुजेनं हर्षालीच्या दोन शेळ्या दगावल्या होत्या. ती पार गोंधळून गेली. भुरीला तर तिनं कळपापासून दूर, एकटीला चारलं होतं. मग रोग आला कुठून?

"चारलंस कुठे?" शोभनाआत्यानं विचारलं. आत्या जनावरांची डॉक्टर होती.

"तलावाकाठी. गवत लुसलुशीत आहे तिथलं."

आत्यानं पेटीतून टिटवी नावाचा यंत्रमानव काढला. लिंबाएवढा असलेला तो सापडेल त्या जिवाची जनुकं (शरीर कसं घडवायचं ते सांगणाऱ्या सूचना) वाचत असे. त्यानं भुरीची लेंडी तपासली, तलावाचं पाणी, एक गोगलगाय आणि गवताची पात.

"चारही ठिकाणी एकच प्राणी," टिटवी म्हणाला. "पर्णकृमी (जनावराच्या यकृतात वाढणारा, पानासारखा चपटा जंत)."

हर्षालीनं पडद्यावर पाहिलं. लेंडीत अंडं, पाण्यात केसाळ ठिपका, गोगलगायीत शेपटीवाले शेकडो जीव, गवतावर खसखशीहून बारीक दाणा.

"आत्या, हा टिटवी बिघडलाय! एक तरी दुसऱ्यासारखं दिसतंय का?"

"अळी कुठे फुलपाखरासारखी दिसते?"

"पण एका अळीची शंभर फुलपाखरं होत नाहीत!"

"तीच तर याची गंमत. अंड्यातून निघालेला एक ठिपका गोगलगायीत शिरतो, आत त्याचे शेकडो होतात. ते पोहत बाहेर येतात, गवताला चिकटतात, शेपूट टाकून कवचात बसतात."

"आणि ते गवत भुरी खाते..." हर्षाली थांबली. "मग यकृतात त्याचं पान होतं. पान अंडी घालतं, ती लेंडीतून पुन्हा पाण्यात! म्हणजे एका शेळीचा रोग थेट दुसऱ्या शेळीला लागतच नाही. आणि मी तिला नेलं ते नेमकं तलावाकाठी!" तिचे डोळे भरून आले. "सगळ्या गोगलगायी चिरडून टाकते बघ."

"अगं, त्याही आजारीच आहेत. या जंतापायी त्यांना पिल्लंही होत नाहीत."

भुरीला पुन्हा औषध दिलं. आता हर्षाली तिला कोरड्या माळावर चारू लागली, पाणीही घरच्या टाक्यातलं. दोन महिन्यांत सूज ओसरली आणि रक्त कमी होऊन आतून पांढुरक्या पडलेल्या पापण्या पुन्हा गुलाबी झाल्या.

तोवर टिटवीनं तलावातल्या आणखी गोगलगायी तपासल्या होत्या. एकीत निराळाच चपटा जंत होता, कुठल्याच यादीत नसलेला.

"हा कुणाच्या पोटात मोठा होतो?" हर्षालीनं विचारलं. "बगळ्याच्या? माशाच्या?"

"मला नाही माहीत," आत्या म्हणाली. "कुणालाच नाही."

हर्षालीनं वही उघडली आणि तलावावर कोण कोण पाणी प्यायला येतं, ते लिहायला बसली.